लोहाला कवच कधी घालावं आणि कधी घालू नये

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा धागा लागेल. रबाळे एमआयडीसीत तुमच्या बचत गटाचं छोटं युनिट आहे. थालीपीठाची भाजणी, लहान मुलांसाठी मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व आणि झटपट मसाला खिचडी असे तीन माल तुम्ही बनवता. शहापूर-मुरबाडकडच्या बायका-मुलांमधला अ‍ॅनिमिया बघून तिन्हींत लोह घालायचं ठरवलंत. फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार घालून पाहिला, तर पावसाळ्यात भाजणीला खवट वास यायला लागला आणि सत्त्व काळपट पडलं. आता एक पुरवठादार ‘मायक्रोएन्कॅप्सुलेटेड लोह’, म्हणजे बारीक कणांवर कवच चढवलेलं लोह, घ्या म्हणतोय. त्याचं कवच इतकं पक्कं की उकळत्या पाण्यात तासभर ठेवलं तरी सुटत नाही, असं तो सांगतो. ते घ्यावं का, घेतलं तर किती घालावं, आणि तेच आपल्याकडे बनवता येईल का, हे तुम्ही विचारलंत.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. तुमच्या तीन मालांपैकी एकालाच कवचाच्या लोहाची गरज आहे. आणि उकळत्या पाण्यात न सुटणारं कवच ही त्या पुरवठादाराची जाहिरात असली, तरी माझ्या लेखी ती सावध होण्याची खूण आहे. जे उकळत्या पाण्यात सुटत नाही ते पोटात नेमकं कुठे आणि कशाने सुटतं, हे त्याने कागदावर दाखवेपर्यंत एक किलोसुद्धा घेऊ नका.

फेरस सल्फेटने तुमचा माल का बिघडवला, ते आधी बघू. त्यातलं लोह पाण्यात पटकन विरघळतं. म्हणूनच ते शरीरात चांगलं शोषलं जातं आणि म्हणूनच शोषणाची तुलना करताना त्याला १०० धरतात. पण हाच गुण डब्यात अवगुण ठरतो. विरघळलेलं फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनशी खेळतं आणि धान्यातल्या तेलाचं ऑक्सिडेशन भराभर पुढे ढकलतं. भाजणीत बाजरी असते, आणि बाजरीत इतर धान्यांच्या मानाने तेल जास्त. भाजून दळलेल्या बाजरीचं पीठ लोहाशिवायही लवकर खवट होतं, मग लोह घातल्यावर काय होणार? नाचणीचा दोष वेगळा. तिच्या सालीत पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं भरपूर असतात. ते लोहाला चिकटले की निळसर-काळा रंग येतो. हळदीतलं कर्क्युमिनही लोहाशी जोडलं जाऊन करडं-तपकिरी होतं. खिचडीत याच्या जोडीला आयोडीनयुक्त मीठ आहे. मिठात आयोडीन पोटॅशियम आयोडेटच्या रूपात घालतात. फेरस लोह भेटलं की आयोडेटचं आयोडीन होऊन उडून जातं आणि लोह स्वतः फेरिक, म्हणजे ऑक्सिडेशन झालेलं, होऊन पिवळं-तपकिरी पडतं. म्हणजे एका पुड्यात दोन पोषकद्रव्यं घातली, एक उडालं आणि दुसरं निकामी झालं.

या सगळ्या क्रियांना पाणी लागतं, आणि ते आपल्याकडे जूनपासून हवेतच असतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर त्याच्या कितीतरी आधी. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसचे दिवस या रेषेच्या वर असते. म्हणून परराज्यातल्या कोरड्या हवेत केलेली ‘एक वर्ष टिकतं’ अशी चाचणी मी आपल्या मालासाठी प्रमाण मानत नाही.

आता कवचाबद्दल. त्याची कामं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पुड्यात आणि भांड्यात त्याने लोह बाहेर येऊ द्यायचं नाही. पोटात गेल्यावर मात्र ते वेळेत मोकळं करायचं. वेळेत म्हणजे केव्हा, हे नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक विक्रेते हा भाग गाळतात. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये आणि त्याच्या लगतच्या भागात शोषलं जातं. तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचं फेरस करणारं एन्झाइम असतं आणि फेरस लोह आत घेणारं वाहक प्रथिन असतं. अन्न तो टप्पा ओलांडून पुढे गेलं आणि कवच नंतर उघडलं, तर ते लोह शौचावाटे निघून जातं. प्रयोगशाळेच्या अहवालात लोह पूर्ण दिसतं, लेबलवर आकडा खरा असतो, आणि बाईच्या रक्तात काहीच पोचत नाही. या क्षेत्रात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. रंग बिघडला तर ग्राहक परत येऊन भांडतो. शोषण झालं नाही तर कुणालाच कळत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेलं काम. त्यांनी असं पॉलिमर वापरलं जे उकळत्या पाण्यात टिकतं, पण जठरातल्या आम्लात पटकन विरघळतं. कल्पना उत्तम होती. तरी माणसांवरच्या पहिल्या चाचणीत लोह अपेक्षेपेक्षा बरंच कमी शोषलं गेलं, कारण कणात वेष्टणाचा भाग फार आणि लोह फार थोडं होतं. मग त्यांनी कणातलं लोह सुमारे ३ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेलं, तेव्हा शोषण साध्या फेरस सल्फेटच्या सुमारे ८९ टक्के इतकं आलं. एवढी साधनं हाताशी असलेल्या गटालाही खरी चूक माणसांवरच्या चाचणीतच दिसली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ती चाचणी केली आणि निकाल लपवला नाही, म्हणून आपल्याला शिकता आलं. आपल्या स्वयंपाकाच्या बाजूने त्यात आणखी एक अट येते. असं पॉलिमर आम्लात उघडतं, म्हणजे ताक, चिंच-गुळाची आमटी, कोकमाचं सार यांच्या आंबटपणातही ते उघडायला लागणार. आंबट पदार्थात ते जठराची वाट बघणार नाही.

बाजारात आज तुम्हाला जे मिळेल ते बहुधा याहून साधं असेल, म्हणजे पूर्ण हायड्रोजनेटेड पाम किंवा सोया तेलाचं कवच आणि आत फेरस फ्युमरेट किंवा फेरस सल्फेट. हे मेणासारखं घट्ट तेल (पुढे त्याला मेणच म्हणते) ६०–६५ अंशांच्या आसपास वितळतं. वितळण्याव्यतिरिक्त ते चावल्याने फुटतं आणि आतड्यात लायपेज या एन्झाइमने पचतं. नुसत्या आम्लात ते फारसं उघडत नाही. दुसरा प्रकार पाण्यात विरघळणाऱ्या कवचाचा, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डिंकाचा. तो कोरड्या हवेत ठीक आहे, आपल्या पावसाळ्यात नाही. तिसरा प्रकार मिठासाठी तयार झाला. टोरांटो विद्यापीठात लेवेंते दिओसादी यांच्या गटाने फेरस फ्युमरेट पिठासोबत शेवयांसारखं यंत्रातून काढून, मिठाच्या खड्याएवढे तुकडे करून, वर पांढरा रंग आणि सेल्युलोजचा थर दिला. फ्युमरेट मुळात लालसर-तपकिरी असल्यामुळे तो पांढरा थर लागतो. पांढरेपणासाठी वापरलं जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून बंद केलं. त्यामुळे तुमच्या पुरवठादाराच्या मालात ते आहे का, हे विचारून घ्या. मी असते तर त्याशिवायचा माल मागितला असता.

शब्द एकच असला तरी ‘एन्कॅप्सुलेटेड’च्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या रचना विकल्या जातात. एकीत लोहाचा गाभा मध्ये आणि भोवती सलग पारी, मोदकासारखी. दुसरीत वितळलेल्या मेणात लोहाची भुकटी कालवून फवारलेली असते. तिथे काही लोह आत जातं आणि काही कणाच्या पृष्ठभागावर उघडंच राहतं. ही दुसरी रचना स्वस्त असते आणि पृष्ठभागावरचं तेवढंसं लोह भाजणी खवट करायला पुरतं. घरच्या घरी ओळखायचं असेल तर गार केलेला कोरा, कडक चहा घ्या, त्यात चिमूटभर भुकटी टाका, ढवळा आणि थांबा. चहातल्या टॅनिनशी उघडं लोह भेटलं की लगेच शाईसारखा रंग उतरतो. पाच मिनिटांत चहा काळा पडला तर कवच नावापुरतं आहे. अर्ध्या तासानंतरही रंग फारसा बदलला नाही, तर पुढची तपासणी करण्यासारखा माल आहे. मग तीच भुकटी चमच्याने चुरडून पुन्हा टाका. आता चहा काळा झाला पाहिजे. नाही झाला, तर आतलं लोह बाहेर येतच नाहीये, आणि तो दोष गळतीइतकाच मोठा आहे.

पुरवठादाराकडून विश्लेषणाचा दाखला मागताना नुसती लोहाची टक्केवारी बघून थांबू नका. त्यातलं फेरस किती आणि फेरिक किती, गाभा आणि कवच यांचं प्रमाण काय, मेण कितीला वितळतं, कणांचा आकार किती मायक्रॉनपासून कितीपर्यंत, पृष्ठभागावरचं मोकळं लोह किती, शिसं आणि आर्सेनिक किती, हे सगळं विचारा. कवच वजनाच्या निम्म्याहून जास्त असेल तर मी घेत नाही. कवचाचा वाटा वाढला की शोषण उतरतं, हे वेगवेगळ्या मेणांवर दिसलेलं आहे. सगळ्यात शेवटी एक प्रश्न विचारा: याच कवचावर माणसांत शोषणाची चाचणी झाली आहे का? लोहाच्या स्थिर समस्थानिकांनी, म्हणजे वेगळ्या वजनाच्या पण किरणोत्सर्ग नसलेल्या लोहअणूंनी, ती करता येते. उत्तर ‘आमच्या कच्च्या लोहाची झाली आहे’ असं आलं तर ते उत्तर नव्हे.

आता तुमच्या मालांकडे येते.

भाजणीत कवचाचं लोह घालू नका. तिथली खरी अडचण शोषणाची आहे. धान्यं-डाळी सालीसकट भाजून दळलेली असतात, त्यांच्या सालीतलं फायटेट हे द्रव्य भरपूर असतं, आणि फायटेट लोहाला बांधून ठेवतं. तुम्ही कितीही सुंदर कवच घातलंत, तरी तव्यावर मेण वितळणार, लोह पिठात मोकळं होणार आणि फायटेटच्या हाती लागणार. इथे सोडियम आयर्न ईडीटीए वापरा. त्यात लोह ईडीटीएच्या पकडीत असतं, म्हणून फायटेटला ते सहजी मिळत नाही आणि तेलाचं ऑक्सिडेशनही फेरस सल्फेटसारखं पेटत नाही. फायटेट जास्त असलेल्या जेवणात त्याचं शोषण फेरस सल्फेटच्या दुप्पट-तिप्पट भरतं. कोंड्यासकटच्या पिठासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या शिफारशीत याच एका लोहाचं नाव घेतलं आहे. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, फोर्टिफिकेशन (अन्नात पोषकद्रव्यं घालण्याच्या) नियमांत गव्हाच्या आट्यासाठी याचं प्रमाण किलोमागे १४ ते २१.२५ मिलीग्रॅम लोह आहे, तर इतर लोहांसाठी २८ ते ४२.५ मिलीग्रॅम. भाजणी म्हणजे आटा नव्हे, म्हणून तुमच्या परवान्यात ती कोणत्या गटात बसते ते नियमाच्या ताज्या मजकुरात तपासा. पण आकड्याचा अंदाज घ्यायला आट्याचं प्रमाण चांगलं आहे. किलोमागे १८ मिलीग्रॅम धरले आणि या क्षारात साधारण १३ टक्के लोह धरलं, तर १०० किलो भाजणीला सुमारे १४ ग्रॅम क्षार लागतो. किंमत जास्त आहे, पण प्रमाण अर्धंच लागतं हे हिशेबात धरा. भाजणी खवट होण्याचं मूळ कारण बाजरी असेल तर ते लोह बदलून जाणार नाही. भाजल्यावर पूर्ण निवू द्या आणि दळणाचा साठा कमी ठेवा.

खिचडीचं उत्तर आणखी सोपं आहे, आणि ते तयारच मिळतं. फोर्टिफाइड तांदळाचे कण घ्या. तांदळाच्या पिठात फेरिक पायरोफॉस्फेट, फॉलिक आम्ल आणि बी-१२ कालवून, गरम यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकारात काढलेले हे कण असतात. साध्या तांदळात ते शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून ज्या तांदळाची घोषणा केली, तो हाच. फेरिक पायरोफॉस्फेट पांढरं असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे हळद काळी पडत नाही आणि मिठातल्या आयोडीनला धक्का लागत नाही. वर तो कण स्वतःच लोहाभोवतीची भिंत आहे, वेगळं कवच कशाला? त्याचा तोटा शोषण कमी हा, कारण ते जठरातल्या आम्लातही संथच विरघळतं. काही कणांत याच कारणासाठी सायट्रेट घातलेलं असतं, त्याने शोषण सुधारतं. दोन पुरवठादारांत निवड असेल तर सायट्रेटवाला घ्या. पाकिटावर ‘खिचडीवर लिंबू पिळून खा’ असं ठळक लिहा. ती ओळ फुकट आहे आणि तिचा उपयोग नक्की आहे, कारण क जीवनसत्त्व फेरिक लोहाचं फेरस करून ते विरघळलेलं ठेवतं.

राहिलं नाचणीचं सत्त्व. इथे कवच लागेल. ईडीटीए मी इथे टाळते, कारण त्या लोहाची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनामागे रोज किलोला ०.२ मिलीग्रॅम लोह इतकी मानली जाते. दहा किलोच्या बाळासाठी ती २ मिलीग्रॅमवरच संपते आणि बाळ दिवसभरात इतर काय खातं ते आपल्या हातात नसतं. शिवाय बाळं चवीला तिखट न्यायाधीश असतात. लोहाची धातूसारखी चव लागली की वाटी ढकलून देतात. म्हणून मेणाच्या कवचातलं फेरस फ्युमरेट. टोरांटोच्या बालरुग्णालयात स्टॅन्ले झ्लॉटकिन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘स्प्रिंकल्स’ नावाच्या पुड्या तयार केल्या, त्यांत हेच होतं: मेणाचं कवच असलेलं फेरस फ्युमरेट, पुडीमागे १२.५ मिलीग्रॅम लोह. आईने घरचं जेवण शिजवायचं आणि पुडी वरून भुरभुरायची. पुढे जगभर सूक्ष्मपोषक पुड्यांचे कार्यक्रम याच कल्पनेवर उभे राहिले.

या कल्पनेतली खरी हुशारी ‘वरून’ या शब्दात आहे. तुम्ही कवचाचं लोह सत्त्वातच मिसळून विकलंत, तर आई ते पाण्यात कालवून पाच-सात मिनिटं रटरट शिजवणार, मेण वितळणार आणि नाचणीच्या पॉलिफेनॉलशी लोहाची गाठ पातेल्यातच पडणार. पुड्यातला काळपटपणा थांबेल, वाटीतला थांबणार नाही. म्हणून माझं मत असं की सत्त्वाच्या पाकिटात वेगळी छोटी पुडी द्या. खीर खाली उतरवून, बोटाला सोसेल इतकी निवल्यावर पुडी घालून ढवळायची, आणि अर्ध्या तासात भरवून संपवायची. पुडीवर चित्र काढा, मजकुरापेक्षा चित्र वाचलं जातं. कण फार मोठे घेऊ नका. ४०० मायक्रॉनचा कण बाळाच्या जिभेला रेतीसारखा लागतो.

मात्रा पुड्यांच्या त्या मोठ्या कार्यक्रमांतली उचलू नका. ती सरकारी किंवा वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक महिन्यांसाठी दिली जाते. तुमच्या मुलांना अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप मिळत असण्याची शक्यता आहे, त्यात एका मिलिलिटरला २० मिलीग्रॅम लोह असतं. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिवसाला ८ मिलीग्रॅम लोह सुचवलं आहे. वाटीमागे २ मिलीग्रॅम ठेवा. सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी विकायचं ठरवलंत, तर शिशुआहाराचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते आधी वाचा. नाचणीत कॅल्शियम भरपूर आणि त्यात तुम्ही दूध पावडर घालता. दोन्ही लोहाचं शोषण कमी करतात. लोहाची पुडी असलेल्या प्रकारातून दूध पावडर काढून टाकायला तुम्ही तयार असाल, तर मी तसंच करायला सांगेन. मोड आणण्याची तुमची पद्धत मात्र अजिबात सोडू नका. मोड येताना फायटेज हे एन्झाइम जागं होतं आणि फायटेट मोडतं. सत्त्व गाळून काढताना सालीबरोबर पॉलिफेनॉलचाही मोठा भाग जातो. हे तुमच्या आज्या जे करत आल्या ते लोहाच्या बाजूने फार शहाणपणाचं आहे.

मिसळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण छोट्या युनिटांत खरी गडबड इथेच होते. १०० किलो पिठात १४ ग्रॅम भुकटी थेट टाकली तर एका पाकिटात काहीच नाही आणि दुसऱ्यात चौपट, असं होणार. आधी ती भुकटी त्याच पिठाच्या १०० ग्रॅममध्ये मिसळा, ते एक किलोत, ते दहा किलोत आणि मग सगळ्यात. यंत्रात दहा-पंधरा मिनिटं. दळायच्या आधी काहीही घालू नका. चक्कीत पीठ चांगलंच तापतं आणि मेणाचे कण तिथे फुटतात. पुडीसाठी कवचाचं लोह तांदळाच्या पिठासारख्या कोरड्या वाहकात मिसळणार असाल, तर दोन्हींच्या कणांचा आकार जवळपास सारखा ठेवा. नाहीतर भरणाऱ्या यंत्राच्या थरथरीने बारीक कण खाली सरकतात आणि मोठे वर येतात. तपासायचं असेल तर बॅचच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे नमुने घेऊन लोह मोजून घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अन्नतपासणीच्या मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळा आहेत. ऑर्थोफेनॅन्थ्रोलिनच्या नारिंगी रंगावरून लोह मोजण्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि पुरेशी आहे, आणि तिने फेरस वेगळं मोजता येतं. नमुन्यांतला फरक सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावा.

टिकाऊपणासाठी प्रयोगशाळेत ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची चाचणी करून घ्या, पण तिच्या जोडीला आपली चाचणीही करा. जूनच्या मध्यावर पाकिटं भरा, काही बंद ठेवा, काही उघडून रबर बँड लावून साध्या फडताळात ठेवा, कारण घराघरांत पाकीट तसंच राहतं. दर पंधरवड्याला वास, रंग आणि पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवट होऊ लागलंय ते सांगणारा आकडा) बघा, गणपती होईपर्यंत. लोह न घातलेलं त्याच बॅचचं पाकीट शेजारी ठेवायला विसरू नका. तुलनेला ते नसेल तर खवटपणा लोहाचा की बाजरीचा हे कधीच कळणार नाही. पातळ पॉलिथिनची पिशवी या कामाला चालत नाही, मेटलाइज्ड पॉलिएस्टरचं पाकीट घ्या.

स्वतः कवच बनवायचं का? सध्या नको. स्प्रे ड्रायर भाड्याने मिळेल, पण फेरस सल्फेटचं द्रावण गरम हवेत फवारलं की वाटेतच बरंच फेरिक होतं, आणि जे कवच तयार होतं ते पाण्यात विरघळणारं. मेणाचं कवच करायला वितळलेलं मेण थंड हवेत फवारणारं यंत्र किंवा औषधनिर्मितीतलं फ्लुइड बेड, म्हणजे कण हवेवर तरंगत ठेवून त्यांच्यावर थर चढवणारं यंत्र, लागतं. तुर्भे-महापेच्या काही औषध युनिटांत फ्लुइड बेड आहेत, काही कामं बाहेरची घेतातही. पण तुमची गरज महिन्याला काही किलोंची आणि त्यांची एक बॅच त्याहून मोठी. शिवाय कवच बदललं की शोषण नव्याने सिद्ध करावं लागतं, तो खर्च तुमच्या गटाने का उचलावा? मेण पूर्ण हायड्रोजनेटेड असल्याचा दाखला मात्र पुरवठादाराकडून घ्या. अर्धवट हायड्रोजनेटेड तेलात ट्रान्स फॅट येतात, आणि २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपासाठी त्यांची मर्यादा २ टक्के आहे.

शेवटी, तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगणार याबद्दल. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं अ‍ॅनिमिक निघाली. आकडे बघून पोटात कालवतं. पण २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मोजून पाहिलं, तेव्हा देशात एक ते चार वर्षांच्या मुलांत अ‍ॅनिमिया ४१ टक्के आणि लोहाची कमतरता ३२ टक्के होती. म्हणजे सगळा अ‍ॅनिमिया लोहाचा नसतो. बी-१२, फोलेट, जंत, वारंवारचे ताप आणि मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव यांचाही वाटा आहे. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार करावाच लागतो. पाळी येणाऱ्या बाईला रोज साधारण दीड मिलीग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात शोषलं जावं लागतं. तुमच्या भाजणीच्या १०० ग्रॅममध्ये घातलेलं लोह पावणेदोन-दोन मिलीग्रॅम, त्यातला दहावा हिस्सा शोषला गेला तरी चांगलं. म्हणजे ही भर आहे, उपचार नव्हे. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला थालीपीठ विकून घरी पाठवू नका, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिथे ६० मिलीग्रॅमची गोळी फुकट मिळते, आणि सिकलसेलची तपासणीही तिथून होते. थॅलेसेमियाच्या किंवा सिकलसेलच्या रुग्णाने, विशेषतः ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांनी, लोह घातलेला माल डॉक्टरांना विचारूनच खावा, हे पाकिटावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा.

आणि थालीपीठाबरोबर चहा देऊ नका. चहा तासाभराने. वर ज्या चहाने कवचाची गळती पकडायला सांगितली, तोच चहा जेवणासोबत घेतला की ताटातल्या लोहाला असाच पकडतो.

पुरवठादाराचा विश्लेषणाचा दाखला हातात आला की आकडे इथे लिहा. लोहाची टक्केवारी आणि गाभा-कवचाचं प्रमाण कळलं की पुडीत नेमके किती मिलीग्रॅम भरायचे, ते गणित मी मांडून देईन.